गॉसफर्थचा क्रॉस बघाच
चर्चच्या आवारातले जुने दगडी क्रॉस म्हणजे नुसत्या कबरीच्या खुणा असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. इंग्लंडात कंब्रियामधला गॉसफर्थचा क्रॉस घ्या, १०व्या शतकातला, लाल वालुकाश्माचा, जवळपास ४.४ मीटर उंच, खाली गोल आणि वर चौकोनी होत गेलेला, आणि पूर्वेच्या बाजूला येशू क्रूसावर तर पश्चिमेला चक्क नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंगांच्या जुन्या, कथेतला बांधून ठेवलेला कपटी देव लोकी, त्याच्यावर टपकणारं सापाचं विष वाडग्यात झेलणारी त्याची बायको सिगिन! मला तर तीच सगळ्यात जास्त भिडते, हजार वर्षं पावसात तशीच वाडगा धरून आहे बिचारी. व्हायकिंग तिथे स्थायिक झाले, ख्रिस्ती झाले, पण जुन्या गोष्टी लगेच सोडल्या नाहीत त्यांनी. प्रत्यक्ष जाणं नाही जमलं तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याचं प्लास्टर कास्ट (साच्यातून काढलेली प्रतिकृती) आहे, तेही छान आहे.