पीएस५ घ्यावा की एक्सबॉक्स सिरीज एस? ऑनलाइनचा खर्च धरून सांगा

सांगलीचा_मामा:
भाचा दहावी झाला, त्याला कन्सोल कबूल केलाय. दुकानदार म्हणतो सिरीज एस न्या, स्वस्त पडतो. पण भाच्याच्या दोस्तांकडे सगळीकडे सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५), आणि त्याला रात्री त्यांच्याबरोबर एफसी हा फुटबॉलचा गेम खेळायचंय. धाकटी भाचीही खेळणार. मला पटत नाही ती ऑनलाइन खेळायची वर्गणी. नेटचं बिल ताई भरतेच, मग कंपनीला वेगळे पैसे कशाचे? माझ्या पीएस३ वर ऑनलाइन फुकट होतं!

जुना_गडी:
होतं. एक्सबॉक्स मात्र २००२ पासूनच ऑनलाइनचे पैसे घ्यायचा. पुढे २०१३ ला पीएस४ आला आणि सोनीनेही वर्गणी लावली. आता दोन्हीकडे तेच. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमला वर्गणी लागत नाही, एफसी मात्र विकत घेऊनही ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते.

डिस्कवाली:
मामा, दोस्त जिथे तिथेच जा. एफसीत क्रॉसप्ले आहे, एक्सबॉक्सवरूनही तो त्यांच्याशी खेळेल. पण पोरांना गोल मारण्याइतकंच ओरडायचंही असतं, आणि पीएसची पार्टी चॅट (खेळताना आपसात बोलायची सोय) एक्सबॉक्सवर येत नाही. मग प्रत्येकाने डिस्कॉर्ड हे बोलायचं वेगळं ॲप जोडत बसायचं.
दुसरं म्हणजे सिरीज एसला डिस्क घालायची सोयच नाही. मी गेम संपला की डिस्क विकते, त्यात थोडे घालून पुढचा सेकंडहँड घेते. हा रस्ता बंद झाला की तो स्वस्त कन्सोल महागात जातो. पीएस५ घेतानाही डिस्कवालाच मागा, बिनडिस्कचाही मिळतो.
आणि खातं उघडताना देश भारतच निवडा. नंतर बदलता येत नाही.

रात्रपाळी:
भाचा एकट्याने वेगवेगळे गेम चाखणारा असता तर मी सिरीज एस आणि गेम पासच (एक्सबॉक्सची वर्गणी, तिच्यात गेमचा ढीग मिळतो) सांगितलं असतं, दर महिन्याला नवं काहीतरी येतं. पण दोस्तांबरोबर एकच एफसी वर्षभर खेळायचा असेल तर तो ढीग काय कामाचा? पीएस प्लसचा, म्हणजे सोनीच्या वर्गणीचा, सगळ्यात खालचा, इसेन्शियल प्लॅन पुरे.

सांगलीचा_मामा:
डिस्कवालाच घेतो मग. भाचीसाठी दुसरी वर्गणी लागेल का?

डिस्कवाली:
नाही. वर्गणी भाच्याच्या खात्यावर घ्या आणि सेटिंगमध्ये ‘कन्सोल शेअरिंग’ चालू ठेवा. त्याच पीएस५ वर ती स्वतःच्या खात्यावरून ऑनलाइन खेळेल.