मदत हवी आहे: 'समृद्धी'ला महामार्ग म्हणायचं की द्रुतगती मार्ग?

मराठी विकिपीडियावर मराठवाड्यातल्या रस्त्यांची पानं नीट करतोय आणि शब्दांवर गाडी अडलीय. मुंबई-पुणे 'द्रुतगती मार्ग', मग तसाच प्रवेश-नियंत्रित (म्हणजे ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा) असलेला, जालन्यावरून जाणारा ७०१ किमीचा समृद्धी 'महामार्ग' कसा? एका संपादकाने लेखात सगळीकडे 'द्रुतगती मार्ग' केलं, मी उलटवलं, त्याने परत केलं. माझं म्हणणं, अधिकृत नावातच 'महामार्ग' आहे, ते बदलू नये; वर्गीकरण द्रुतगतीत टाका, हरकत नाही.

दुसरं भांडण 'बायपास'चं. संभाजीनगरात रिक्षावाल्याला 'बीड बाह्यवळण' म्हणून बघा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. पण सामान्य लेखांत 'बाह्यवळण रस्ता' हवा, असा आग्रह आहे.

चर्चापानावर दोनदा लिहून झालं, पुनर्निर्देशनंही (एका नावावरून दुसऱ्या नावाच्या पानावर नेणारे दुवे) केली. क्रमांकाचा वाद नाही: सोलापूर-धुळे रस्ता जुना राष्ट्रीय महामार्ग २११, २०१० च्या फेररचनेनंतर ५२, हे सगळ्यांना मान्य आहे. 'आमच्याकडे असंच म्हणतात' हा पुरावा तिथे चालत नाही आणि इंग्रजी पानाचा हवालाही नको. छापील मराठी हवं: राजपत्र, शासन निर्णय, परिभाषा कोश किंवा वर्तमानपत्र.

तर नेमकं एवढंच विचारायचंय: महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांतला फरक मराठीतच स्पष्ट करणारा शासकीय मजकूर कुणाच्या पाहण्यात आहे का? आणि 'बीड बायपास'सारखं रुळलेलं नाव शीर्षकात ठेवून आत 'बाह्यवळण' वापरलं, तर चालेल का?