बटेर मादीच्या डोक्याची कातडी सोलली आहे : घरी काय करावे, काय टाळावे?

धायरीकर

नमस्कार. आमच्या गच्चीवरील पिंजऱ्यात जपानी बटेर जातीच्या चार माद्या आणि दोन नर आहेत. आज सकाळी दाणे घालायला गेलो तेव्हा एक मादी कोपऱ्यात अंग फुलवून बसली होती. हातात घेतल्यावर दिसले की डोक्याच्या मागच्या बाजूपासून मानेपर्यंतची पिसे गेली आहेत आणि अंगठ्याच्या नखाएवढी कातडी सोलून मागे सरकली आहे. रक्त थांबले आहे, ती पाणी पिते आणि समोर धरलेले दाणेही टिपते. आई म्हणते की हळद आणि खोबरेल तेल लावावे. घरात माणसांसाठीचे वेदना कमी करणारे एक मलमही आहे. आज रविवार असून आमच्या भागातील पशुवैद्य कुत्री-मांजरी सोडून दुसरे काही पाहत नाहीत. घरी नेमके काय करावे, आणि कोणती लक्षणे दिसल्यास थांबू नये, हे कृपया सांगावे.

परसबागवाली

धायरीकर, मादी दाणे टिपते आहे, ही सगळ्यांत दिलासा देणारी गोष्ट आहे. अशा तीन जखमा मी घरी भरून येताना पाहिल्या आहेत, आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की जखमेवर जितके कमी लावाल तितके बरे.

आधी तिला वेगळे करा, कारण रक्त दिसले की बाकीचे पक्षी नेमके तिथेच टोचत राहतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने सुती कापड अंथरा. भुसा आणि वाळू जखम बंद होईपर्यंत नको. खोक्याच्या एका टोकाला चाळीस वॅटचा पिवळा बल्ब अशा अंतरावर ठेवा की ती बाजू तीस अंशांच्या आसपास उबदार राहील आणि उकडले तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल.

स्वच्छ करताना तिला पंचात सैल गुंडाळा आणि छाती मुळीच आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्यांना श्वास घेता येतो. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइन मिळते. ते कोमट करून सुई काढलेल्या सिरिंजने जखमेवर हळूहळू सोडा, चोळू नका. सलाइन नसल्यास पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित कमी मीठ घाला. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावायचे असेल तर एक भाग औषधात दहा भाग पाणी घाला, म्हणजे रंग फिक्या कोऱ्या चहासारखा होईल. डोळ्यांत आणि चोचीत जाऊ देऊ नका. हायड्रोजन पेरॉक्साइड टाळा, त्याने नव्याने धरू लागलेली कातडीही जळते. सोललेली कातडी अजून ओलसर आणि गुलाबी असेल तर भिजवून हलकेच जागेवर सरकवा; कापू मात्र नका. वाळून काळी पडलेली कातडी खाली नवी आली की आपोआप गळते.

घरातले मलम कृपया लावू नका. लिग्नोकेन, बेंझोकेन अशी बधिर करणारी औषधे एवढ्याशा जिवाला विषारी ठरू शकतात. वेदनाशामक गोळीचा तुकडाही देऊ नका. डायक्लोफिनॅकमुळे आपल्याकडची गिधाडे कशी संपत गेली आणि २००६ साली गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी कशी आली, हे आपण जाणताच. आईंच्या सांगण्यामागची माया मला कळते. परंतु तेलाने पिसे चिकटून ऊब धरेनाशी होतात आणि हळदीच्या थराखाली जखमेचा रंगच दिसत नाही.

दीडशे-दोनशे ग्रॅमच्या या पक्ष्याच्या अंगात जेमतेम तीन छोटे चमचे रक्त असते. म्हणून पुन्हा रक्त आले तर गॉझ ठेवून दोन-तीन मिनिटे सलग धरा, मध्येच उचलून पाहू नका. तेवढ्यानेही थांबले नाही तर लगेच डॉक्टर गाठा. पक्ष्यांचा पू पातळ नसतो, चक्क्यासारखा घट्ट आणि पिवळसर असतो, त्यामुळे वाहत नाही म्हणजे पू नाही असे समजू नका. तो दिसला, वास आला, मान वाकडी झाली किंवा तिने दिवसभर दाणे सोडले, तर थांबू नका. कोंबड्या पाहणारे डॉक्टर बटेरही पाहतात. पुण्यातल्या औंधच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारून पाहा.

पौडफाटा

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. पावसाळी हवेत उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडू शकतात, म्हणून खोके घरात ठेवून त्यावर मच्छरदाणीचे कापड ताणा. आणि गच्चीवर मांजर येत असेल तर अंगावर इतरत्र बारीक भोके आहेत का, हे पिसे बाजूला करून आजच पाहा; मांजराचा दात लागला असेल तर जखम कितीही लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडून प्रतिजैविक घ्यावे लागते.

जखम कुठे आहे यावरून ती कशाने झाली हे बरेचदा कळते. बटेर घाबरली की सरळ वर उसळते आणि छताच्या जाळीवर आपटते. तेव्हा टाळूचा पुढचा भाग फुटतो. आपण वर्णन केलेली जखम मागच्या बाजूची आहे, म्हणजे बहुधा नराने चोचीत धरून ओढल्याची. चार माद्यांमागे दोन नर जास्त होतात, एकच ठेवा.

धायरीकर

दोघांचेही मनापासून आभार. बोक्याचा दात कुठे लागलेला नाही, सगळे अंग तपासले. सलाइन सोडल्यावर कातडी मऊ होऊन जवळजवळ जागेवर बसली, आणि कडेला अडकलेले एक आखूड पीस त्याच पाण्याबरोबर निघून आले. दुपारी पिंजऱ्यासमोर तासभर बसलो, तेव्हा पाहिले की मोठा नर दुसऱ्या मादीच्याही मानेची पिसे उपटतो आहे. त्याला लगेच वेगळ्या पिंजऱ्यात हलवले. जखमी मादीला परत कधी सोडावे?

परसबागवाली

खपली पडून गेली तरी घाई करू नका. उघडी गुलाबी कातडी दिसली की बाकीच्या पुन्हा टोचतात. मानेवर नवी पिसे येईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, तिचे खोके पिंजऱ्याजवळ अशा ठिकाणी ठेवा की तिला बाकीच्यांचे आवाज ऐकू येतील. परत सोडताना पाण्याचे भांडे आणि आडोसे यांच्या जागा बदला आणि आधी फक्त एका शांत मादीबरोबर ठेवून पाहा. तोपर्यंत तिचे वजन रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून लिहून ठेवा. सलग दोन दिवस घटले तर औंधला घेऊन जा.