चूक संस्थेचीच असेल तर पत्रात नेमकं काय लिहायचं?

शाईचाडाग:
मी एका संस्थेत काम करते, नाव नको. आमच्याकडून यादी बनवताना घोळ झाला आणि पात्र असलेल्या काही लोकांचे अर्ज बाद झाले. आता वरून पत्राचा मसुदा आलाय, त्यात लिहिलंय 'तांत्रिक कारणास्तव काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत'. ते 'झाली असल्यास' कालपासून डोक्यातून जात नाहीये, अहो झालीच आहे ना! साहेब म्हणतात जास्त कबूल केलं तर उद्या कोर्टात तेच कागद आपल्यावर येतील. कोणी हे नीट निभावलेलं पाहिलंय का?

रातपाळी:
कोर्टाची भीती खोटी नाही पण उलटं करून पाहिलेले लोक आहेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलांनी २००१ पासून ठरवलं की चूक सापडली तर पेशंटला आपणहून सांगायचं, दोष आपला असेल तर माफी आणि भरपाई, नसेल तर मात्र ठाम राहायचं. दावे वाढले नाहीत, कमी झाले. मी स्वतः वॉर्डात बरीच वर्षं काढली, नातेवाईक आधी पैशाचं बोलतच नाहीत हो, हात धरून एवढंच विचारतात की नक्की काय झालं ते सांगा.

जुनी_खातेवही:
'तांत्रिक' शब्द काढाच. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात १९९९ पासून होरायझन नावाची हिशोबाची कॉम्प्युटर सिस्टीम आली, ती हिशोबात नसलेली तूट दाखवायची आणि पोस्ट चालवणाऱ्यांनी हेल्पलाइनला फोन केला की उत्तर मिळायचं, ही अडचण फक्त तुम्हालाच येतेय. ९०० च्या वर लोक दोषी ठरले, काही जेलमधे गेले, कित्येकांनी पदरचे पैसे भरले. सिस्टीममधे दोष होते हे हायकोर्टाने २०१९ मधे सांगितलं आणि २०२४ मधे संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. म्हणून ज्यांनी तक्रार केलीये तेवढ्यांनाच पत्र धाडू नका, सगळी यादी परत तपासा, गप्प बसलेल्यांना पण कळवा.

उंबरठा:
वरच्याला +१. आणि सगळं खालच्या क्लार्कच्या माथी मारू नका प्लीज. २००३ मधे कोलंबिया यान कोसळलं तेव्हा चौकशी मंडळाने उड्डाणात पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याइतकाच दोष नासाच्या कामाच्या पद्धतीला दिला, आणि तो अहवाल कोणालाही वाचता येतो. तुमच्याकडे यादी दुसऱ्या कोणी तपासायची पद्धत होती का? नसेल तर तेही पत्रात येऊ दे.

शाईचाडाग:
नव्हती :( एकच माणूस यादी करायचा आणि तीच फायनल. आज मसुदा बदलून दिला, 'तुमचा अर्ज पात्र होता. आम्ही तो चुकीने बाद केला.' साहेबांनी दोनदा वाचला आणि ठेवला, नाही म्हणाले नाहीत. पण मुदत उलटून गेलीये आणि जागा भरल्यात, ह्या लोकांना आता काय द्यायचं ह्यावर उद्या मीटिंग आहे. कोणाला अनुभव असेल तर आज रात्रीत लिहा.