ईमेल नुसता उघडल्याने पत्रव्यवहार चोरीला जात असेल, तर जबाबदारी कोणाची?

धागाकर्ता (सांगली, संगणक देखभाल व्यवसाय) :
सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या पेढ्यांपासून पतसंस्थांपर्यंत अनेक ठिकाणी होस्टिंगसोबत (संकेतस्थळ व ईमेलसाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरसोबत) मिळणाऱ्या राउंडक्यूब या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ईमेल प्रणालीवरच ईमेल पाहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच राउंडक्यूबमधील त्रुटी वापरून युरोपातील सरकारी कार्यालयांवर हल्ले होत असल्याचे ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने उघडकीस आणले. ईमेलच्या मजकुरात दडवलेले एसव्हीजी (कोडच्या रूपात लिहिलेले) चित्र राउंडक्यूबच्या गाळणीतून निसटत असे आणि त्यासोबत जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, आत शिरत असे. लिंक दाबावी लागत नव्हती की फाइल उतरवावी लागत नव्हती. ईमेल उघडताच ती स्क्रिप्ट वापरकर्त्याच्या चालू लॉगिनमध्येच काम करू लागे, फोल्डर चाळून त्यातील पत्रे हल्लेखोराकडे पाठवू लागे. लॉगिन आधीच झालेले असल्याने ओटीपीचाही तेथे उपयोग नव्हता. म्हणूनच ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असे कर्मचाऱ्यांना बजावून हात झटकणे मला अन्यायाचे वाटते. सुरक्षा सुधारणा आली की ती त्याच दिवशी बसवणे, हे सर्व्हर चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

प्रतिसाद (विटा, पतसंस्थेतील अधिकारी) :
‘त्याच दिवशी’ हा हट्ट मला मान्य नाही. मार्चअखेरीच्या घाईत घाईनेच बसवलेल्या सुधारणेमुळे आमच्याकडे एक प्लगइन (जोडसुविधा) बंद पडले आणि सभासदांच्या तक्रारी खिडकीवर येऊन थडकल्या. शिवाय होस्टिंग सामायिक (अनेक ग्राहकांना मिळून एकच सर्व्हर) असेल, तर सर्व्हरला हात लावण्याचा अधिकार आम्हाला असतोच कुठे?

प्रतिसाद (मिरज, नेटवर्क प्रशासक) :
मुळात तारखा पाहा. ईसेटला हल्ला दिसला ११ ऑक्टोबरला आणि १.६.४ ही दुरुस्त आवृत्ती आली १६ ऑक्टोबरला. मधल्या काळात कितीही तत्पर प्रशासक काय बसवणार होता? मे २०२४ मध्ये एसव्हीजीशीच संबंधित आणखी एक त्रुटी बुजवावी लागली. माझ्या मते एचटीएमएल (चित्रे, तक्ते, रंग असलेला मजकूर) दाखवणेच बंद करून सर्वांना साधा मजकूर दाखवावा. राउंडक्यूबच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे.

प्रतिसाद (विटा) :
मग तक्त्यात येणारी दरपत्रके वाचायची कशी? रकाने विस्कटले की आकड्यांची चूक ठरलेलीच.

धागाकर्ता :
दरपत्रक पीडीएफमध्ये मागवता येते, त्यामुळे मिरजेची सूचना मी स्वीकारतो. परंतु तिच्या आडून सुधारणा लांबवणे मान्य करणार नाही, कारण त्रुटी जाहीर झाल्यावर ती वापरणारे वाढतात. सामायिक होस्टिंगचा मुद्दा रास्त आहे. त्यासाठी सुधारणा कोण बसवणार आणि किती तासांत, हे पुरवठादाराकडून करारातच लिहून घ्यावे. तो नकार देत असेल, तर नूतनीकरणापूर्वी दुसरा पुरवठादार शोधावा.