जांभ्याच्या घरात रिपीटर म्हणजे पैसे पाण्यात, वायर ओढा

शहापूरकर
बेळगाव-खानापूर भागातली जुनी घरं रुंदीला कमी आणि लांबीला आगगाडी. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परसू, सगळं एका ओळीत. इंटरनेटचा फायबर येतो रस्त्याकडून, म्हणून राऊटर सोप्यात, दारावर उंच खिळ्याला. तिथून स्वयंपाकघरापर्यंत फूट-दीड फूट जाडीच्या दोन-तीन भिंती. जांभा दगड सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरून बसतो, त्यामुळे उन्हाळ्यात जेमतेम पोचणारी वायफायची रेंज आषाढात गायब. वायफायच्या दोन बँडपैकी ५ गीगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीतच संपतो, २.४ रडतखडत पुढं जातो.

मग प्लगात खोचायचा रिपीटर (राऊटरचा सिग्नल पकडून पुढं पाठवणारा डबा) आणला जातो आणि जिथं रेंज नाही नेमका तिथंच लावला जातो. त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढं काय सांगणार? शिवाय स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर घेतो त्यावरच देतो, म्हणजे वेग निम्मा.

माझं म्हणणं सरळ आहे. माळ्यावरून कॅट-६ (नेटवर्कची तांब्याची वायर) मागं न्या आणि टोकाला घरात पडलेला जुना राऊटर लावा. आधी तो एकटाच लॅपटॉपला जोडून त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) १९२.१६८.१.२ करा (पुढच्या राऊटरचा १९२.१६८.१.१ असेल तर), मग त्यातलं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करा. वायर वॅनच्या (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) भोकात नाही, लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) भोकात. नाव-पासवर्ड पुढच्यासारखाच ठेवला तरी चालतो, २.४ चा चॅनेल (बँडमधली पट्टी) मात्र वेगळा: पुढं १, मागं ११.

टिळकवाडी_भाडेकरू
भाड्याच्या घरात मालक खिळा मारू देत नाहीत, तुम्ही भिंतीला भोक पाडायला सांगता! रिपीटर वाईट नसतो, जागा वाईट असते. फोनवर वायफाय ॲनालायझर (सिग्नल मोजणारं ॲप) उघडा आणि राऊटरपासून मागं चालत जा. आकडा उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास असेल तिथं रिपीटर. उणे ७५ ला लावलात तर फोनवर दांड्या भरलेल्या दिसतील, नेट चालणार नाही. दांड्या रिपीटरच्या असतात, राऊटरच्या नाहीत.

आणि भिंतीतून नाही, दारांच्या रेषेतून पाठवा. जुन्या घरांत दारं बहुधा समोरासमोर असतात, त्याचा फायदा घ्या. मध्ये लोखंडी कपाट किंवा फ्रीज येऊ देऊ नका. दोन्ही बँडचा रिपीटर घेतला, ५ वर राऊटरशी बोलायला लावला आणि २.४ वर मागच्या खोलीला दिला, तर निम्म्याचा प्रश्नही बराचसा सुटतो. तरी निम्मा झालाच म्हणा. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये ५० उरतात. पोरांच्या ऑनलाईन क्लासला ५ सुद्धा पुरतात की.

जोडारी_खानापूर
दोघंही रेंजवर भांडताय, पण मुळात बिघाड वायफायचा आहे हे ठरवलं कुणी? आधी लॅपटॉप वायरनं राऊटरला लावा. वायरवरही अडकत असेल तर रिपीटर, मेश (एकमेकांशी जोडलेल्या राऊटरांचा संच), कॅट-६ सगळं व्यर्थ.

वायरवर ठीक असेल तर वायफायवरून राऊटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवा. २ ते ५ मिलिसेकंद सलग येत असेल तर घरातलं वायफाय बरं आहे. मध्येच ३००-४०० ला उडी मारत असेल तर दोष घरातच. मग बाहेर ८.८.८.८ (गुगलचा सर्व्हर) ला पिंग. ते चालतंय पण वेबसाईट उघडत नाही, तर डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी सेवा) बदला. फोनला १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी मिळाला असेल तर डीएचसीपीच पोचत नाही.

लाईनचं बघायचं तर ओएनटीच्या (फायबर येऊन लागतो त्या घरातल्या डब्याच्या) सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) वाचा. उणे १५ ते उणे २५ मध्ये निर्धास्त राहा. उणे २७ च्या खाली गेलं की तुटायला लागतं. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून "दोन-तीननं काय होतंय" म्हणू नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात खांबावरच्या जोडपेटीत पाणी शिरलं की हा आकडा हळूहळू उतरतो. लाल एलओएस (सिग्नल तुटल्याचा दिवा) लागायच्या आधीच तो टिपून ठेवला तर तक्रार करताना हातात पुरावा असतो. घरात बघायचं एवढंच: हिरव्या टोकाच्या कनेक्टरला निळं टोक जोडलंय का, आणि उरलेली फायबर खिळ्याला आवळून गुंडाळलीय का. वेटोळं हाताच्या पंजाएवढं तरी मोठं हवं.

शहापूरकर
तपासणीचा क्रम मान्य. पण पिंग उडी मारतंय हे कळल्यावर करायचं काय, उत्तर परत वायरच. फक्त वायर घेताना फसू नका. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर कॅट-६ म्हणून खपवतात. ब्लेडनं तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत द्या. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जोडी तुटली की लिंक १००० ऐवजी १०० वर बसते आणि लोक कंपनीला शिव्या देतात.

वळीव_आणि_वायर
शहापूरकर, माळ्यापर्यंत तुमचं बरोबर. पण इथं निम्मे लोक परसातून मागच्या खोपीपर्यंत, नाहीतर गच्चीवरून भावाच्या घरी हीच तांब्याची वायर उघड्यावर ओढतात. एप्रिल-मेच्या वळिवात जवळपास वीज पडली की त्या वायरीतून झटका दोन्हीकडच्या लॅन पोर्टात शिरतो. राऊटरचे दिवे लागतात, वायफायही दिसतं, पोर्ट मात्र मेलेलं. रिपीटरला हा धोका नाही, हे कुणीच बोलत नाही.

घराबाहेर जायचं असेल तर फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर जोडून देणारा डबा). एका तंतूवर चालणारे घेतलेत तर एक 'ए' प्रकारचा आणि एक 'बी' प्रकारचा असाच जोड हवा, दोन 'ए' एकमेकांशी बोलत नाहीत. ड्रॉप केबलला (उघड्यावरून घरात आणायच्या फायबरला) आधारासाठी पोलादी तार असते, ती बाहेरच खिळ्याला बांधून कापा. ती घरात आणलीत तर विजेचा झटका तिच्यातूनच आत येणार, मग फायबर टाकून काय मिळवलंत?

टिळकवाडी_भाडेकरू
म्हणजे आता दोन कन्व्हर्टर, दोन अ‍ॅडाप्टर, एक जास्तीचा राऊटर. लाईट गेली की पुढचा यूपीएसवर चालतो आणि मागचं सगळं बंद! माझा रिपीटर निदान एका प्लगात बसतो.

वळीव_आणि_वायर
लाईट गेल्यावर तुमचा प्लगातला रिपीटरही बंदच की. त्याला छोटा यूपीएस जोडायला भोकच नसतं.

जोडारी_खानापूर
यूपीएसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. राऊटर बहुधा १२ व्होल्टचा, मीडिया कन्व्हर्टर बऱ्याचदा ५ चा, आणि दोन्हींची पिन एकाच मापाची निघू शकते. १२ ची पिन ५ वाल्यात गेली की कन्व्हर्टर गेला. दोन वेगळे व्होल्ट देणारा यूपीएस घ्या आणि पिनांना चिकटपट्टीवर आकडा लिहून लावा. अँपिअरही बघा: अ‍ॅडाप्टरवर १२ व्होल्ट २ अँपिअर छापलं असेल आणि यूपीएस १ चाच असेल, तर लाईट गेल्यावर राऊटर चालू-बंद होत राहतो आणि लोक परत रेंजलाच दोष देतात.