मदत हवी आहे: फिटर झालेल्या भावाला छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक भागात काम कसं मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातले. धाकट्या भावाचा आयटीआयचा फिटर ट्रेड (यंत्राचे सुटे भाग घडवून जोडायचं काम), दोन वर्षांचा, नुकताच पूर्ण झालाय. हात चांगला आहे त्याचा. व्हर्नियर, मायक्रोमीटरनं मापं घेणं, फाइलिंग म्हणजे कानशीनं घासणं, सगळं नीट येतं, पण मुलाखतीत समोरच्यानं विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही. बायोडाटाही झेरॉक्सच्या दुकानातून करून आणलेला. त्यात छंद आहेत, पण आयटीआयमध्ये सरावाला कोणते जॉब, म्हणजे कोणते भाग बनवले ते कुठंच नाही. तो मी बदलायला घेतलाय.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथं गेटवर बायोडाटा दिला तर खरंच बोलावतात का, की ओळखीतून गेलेलं बरं? मला वाटतं आधी अप्रेंटिसशिप करावी, स्टायपेंड कमी असला तरी चालेल. ठेकेदाराकडचा अनुभव पुढं कंपनीवाले धरतात का? एक एजंट आगाऊ पैसे मागत होता, त्याला साफ नाही म्हटलं. नोकरीसाठी पैसे द्यायचे नाहीत, यावर घरात सगळे ठाम आहोत.

शॉप फ्लोअरवर काम केलेल्यांनी एवढं नक्की सांगा: नव्या फिटरला मुलाखतीत काय विचारतात, ड्रॉइंग वाचायला देतात का? रोज संध्याकाळी बसून मी त्याची तयारी करून घेईन.